गोलनंतरचे आठ सेकंद

हॅल्वर, सस्कॅचेवान, कॅनडा
१६ जानेवारी २०१७

ती. डोरीनताईस,
लॉर्नचा सा. न. वि. वि. हा नमस्कार फक्त तुला. तुझ्या चिरंजीवांच्या वाट्याचं जे आहे ते मी त्यांना समक्षच देणार आहे.

ब्रँटनला राहायला गेल्यापासून तुला गावच्या बातम्या कळत नसतील, म्हणून ऐक. शनिवारी आइस हॉकीच्या सामन्यात आपल्या पोरांनी दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. मी सवयीने उठलो, टोपी काढून हात वर केला, आणि आपलं ‘उणे चाळीस’ वाजलंच नाही! एकोणचाळीस वर्षं हॅल्वरच्या प्रत्येक गोलनंतर त्या गाण्याचे पहिले आठ सेकंद वाजतात आणि अख्खं गाव उठून काचेवर हातमोजे आपटतं. परवा त्याऐवजी नुसतं ढब् ढब् ढब्. मला वाटलं, बर्फ सपाट करायचं यंत्र बिघडलं. शेजारी बसलेल्या दोस्ताने, रसने, कानाशी तोंड आणून दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा कळलं की हे हल्लीचं गाणं आहे आणि रिंकचा मॅनेजर म्हणून तुझ्या कर्टिसने ते लावलंय.

माझा सख्खा भाचा! एमिलभावोजींना जाऊन तीन महिने झाले नाहीत, तोवर बापाने ज्या गाण्यात ड्रम बडवले ते गाणं या दिवट्याने फडताळात टाकलं. जाब विचारला तर म्हणतो, मामा, काळ बदलला. अगं, कसला काळ? गिटारच्या तारेला बोट लावलेलं नाही, ड्रमवर काठी पडलेली नाही. कुणीतरी पोरगी खोलीत बसून कॉम्प्युटरची बटणं दाबते, मधेच कुणाच्या जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून चिकटवते, आणि त्याला म्हणायचं संगीत. आयत्या बिळावर नागोबा नुसते! आम्ही उणे चाळीस अंशांच्या थंडीत शेडमध्ये उभे राहून बोटं सोलली होती.

मी याचं उट्टं काढणार, हे तुला आधीच सांगून ठेवतो. फोन करू नकोस, मला माणसांचं बोलणं कळत नाही. गाणी ऐकू येतात, तेवढं बास आहे. नाताळात तू दिलेलं कानातलं यंत्र खणात आहे. ते घातलं की सगळीकडे चमचे पडल्यासारखे वाटतात.

बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी पाठवलेस ते खाऊन संपले. लोभ आहेच, तो कर्टिसपायी कमी होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
लॉर्न


ब्रँटन
२३ जानेवारी २०१७

चि. लॉर्न यास डोरीनताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इथल्या पत्ते खेळणाऱ्या बायकांनाही वाचून दाखवलं. ग्लेनिस तर हसून हसून खोकली. ती इथल्या रिंकवर लाउडस्पीकरवरून नावं पुकारते. तिचं म्हणणं पडलं की ज्याला बायकोची हाक चाळीस वर्षं ऐकू आली नाही त्याने संगीताचा निवाडा करावा, हे बरंच आहे. बायको गेली सोडून, त्यात तुझ्या ॲम्प्लिफायरचा वाटा होता हे मी तिला सांगितलं नाही.

कर्टिसवर एवढा उखडू नकोस. तो आईच्या शब्दाबाहेर नाही आणि वाईट तर मुळीच नाही. मागे आला होता तेव्हा त्याने ते नवं गाणं मला फोनवर ऐकवलं. मला काही त्यात गोडी वाटली नाही, ढब् ढब् म्हणतोस ते बरोबरच आहे. पण त्याने गाण्याखालची यादी उघडून दाखवली. लॉर्न, चौदा नावं होती! शब्द कुणाचे, चाल कुणाची, तुकडा कुणाच्या जुन्या रेकॉर्डमधून घेतला त्याचं नाव, आणि टाळ्या वाजवणाऱ्या दोन पोरींची सुद्धा. मी चष्मा पुसून दोनदा वाचली.

आपल्या रेकॉर्डवर किती नावं आहेत रे? माझ्याकडे प्रत नाही. बघून कळव.

पायात लोकरीचे मोजे घालत जा. गाडीचं इंजिन तापवायची वायर भिंतीतून काढायला विसरून निघतोस आणि अर्धं गाव ओढत नेतोस, तसं करू नकोस. या म्हातारीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
डोरीनताई


हॅल्वर
१ फेब्रुवारी २०१७

ती. ताईस सा. न.

नावांचं काय घेऊन बसलीस? रेकॉर्डवर एकच नाव मावतं. ‘गीत-संगीत: लॉर्न हाउगेन’. भावोजींनी आयुष्यात कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हे तूही जाणतेस.

आता कामाचं ऐक. मला युक्ती सुचली आहे. उपांत्य फेरीत आपली गाठ ब्रँटनशीच पडणार, आणि पहिला सामना तुमच्या रिंकवर. सोबतच्या पुठ्ठ्यात ‘उणे चाळीस’ची माझ्याकडची रेकॉर्ड आहे. ती तुझ्या त्या ग्लेनिसला नेऊन दे. ब्रँटनचा गोल झाला की हेच वाजवायचं म्हणावं, लॉर्न हाउगेनची पूर्ण परवानगी आहे. कर्टिसने आपल्या घरातून हाकललेलं गाणं शत्रूच्या घरात वाजेल, तेही त्याच्या तोंडावर. चांगली खोड मोडते की नाही बघ. त्याला नवं हवं ना? मग नवंच बघ म्हणावं.

कर्टिसला यातलं अक्षर कळता कामा नये. शपथ आहे तुला.
तुझा,
लॉर्न


ब्रँटन
८ फेब्रुवारी २०१७

चि. लॉर्न यास आशीर्वाद.

पुठ्ठा पोचला. रेकॉर्डवर ओरखडाही नाही, नीट जपलीस. आजच ग्लेनिसकडे दिली आणि काय करायचं ते तिला सविस्तर समजावलं. तिने एका कागदावर लिहून घेतलं. तू काही काळजी करू नकोस.

सामन्याला ये. पुढच्या रांगेत तुझी जागा धरते, मी मागे दोन रांगा सोडून बसेन. कानातलं यंत्र आणलंस तर बरं, पण आग्रह नाही.
ताई


हॅल्वर
५ मार्च २०१७

ती. ताईस त्रिवार सा. न.!

काल निघताना तुझी भेट झाली नाही. तू बायकांच्या गराड्यात होतीस आणि मला रसच्या गाडीतून परतायचं होतं. म्हणून हे सकाळीच लिहायला बसलोय.

पहिला गोल झाला तेव्हाची गंमत तू बघितलीस ना? ‘उणे चाळीस’ वाजलं आणि हॅल्वरहून आलेली चारशे माणसं सवयीने ताडकन उठली, काचेवर हातमोजे आपटायला लागली. शत्रूच्या गोलवर! ब्रँटनवाले पोट धरून हसत होते. आपला रस तर पार शेवटपर्यंत आपटत राहिला. दुसऱ्या गोलला अर्धे उठले आणि जीभ चावून बसले. कर्टिसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला शंभर टक्के वसूल वाटलं.

पण तिसऱ्या गोलचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. गाणं वाजायच्या आधी सगळे कसे एकदम गप्प झाले! मग गाणं लागलं तशी दोन्ही गावं उभी राहिली. कुणी आपटलं नाही की ओरडलं नाही. राष्ट्रगीताला काढतात तशा सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि सगळे माझ्याकडे वळून बघत राहिले. मी उठलो, वाकून नमस्कार केला, हात हलवला. ताई, सत्तरी उलटली, पण असा मान मला कधी मिळाला नव्हता. कर्टिस रडत होता, मी डोळ्यांनी बघितलं. पश्चात्ताप झाला असणार. आता माझं त्याच्याशी काही भांडण नाही. जुनं ते सोनं, हे त्याला एका दिवसात कळलं.

हे सगळं तुझ्यामुळे. तुझे उपकार फिटायचे नाहीत.
तुझाच,
लॉर्न


ब्रँटन
८ मार्च २०१७

चि. लॉर्न यास आशीर्वाद, आणि आज ते मनापासून देणं जड जातं आहे.

लोक तुझ्याकडे बघत नव्हते. तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते.

प्रत्येक गोलनंतर, गाणं लावायच्या आधी, ग्लेनिस मी सांगितलेला मजकूर त्या कागदावरून वाचत होती. पहिल्या दोन वेळी गोंगाटात तिचं बोलणं बुडालं. तिसऱ्यांदा सगळे गप्प होईपर्यंत ती थांबली. ती काय म्हणाली ते तुला ऐकू गेलं नाही, म्हणून लिहून कळवते. ती म्हणाली की हे गाणं एमिल कोस्टिउकचं आहे. त्याने ते १९७४च्या फेब्रुवारीत हॅल्वरजवळच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये रचलं, चाल त्याची, शब्द त्याचे, ड्रमही त्याचे. गेल्या ऑक्टोबरात तो वारला आणि त्याची बायको इथे बसली आहे. त्यानंतर टोप्या निघाल्या. आणि तू उठून हात हलवलास. कर्टिसला ते बघवेना.

गाणं बंद करायला कर्टिसला मीच सांगितलं होतं. एमिलला पुरल्यानंतरच्या शनिवारी मी हॅल्वरला सामना बघायला आले होते. त्याच्या हाताचा आवाज या जगात त्या आठ सेकंदांपुरताच उरला आहे, तो ऐकायला आले होते. गोल झाला, तुमच्या पुकारणाऱ्याने लॉर्नचं गाणं म्हणून सांगितलं, आणि तू त्याच्या विधवेसमोर उठून टोपी हलवलीस. त्याच क्षणी मी ठरवलं की तुझं उट्टं काढायचं. कसं, ते कळत नव्हतं. ते तू पुठ्ठ्यात घालून पाठवलंस.

लग्नाआधी एमिलने मला पत्रातून ते गाणं लिहून पाठवलं होतं. त्याची नक्कल सोबत आहे. त्यात शेवटी तो लिहितो की सुरुवातीची गिटारच्या तारेवरची ती वर चढणारी सुरावट लॉर्नला सुचली आणि ती फार सुंदर आहे. त्याने तुझं नाव गाळलं नाही. रेकॉर्ड निघाली तेव्हा मी भांडायला उठले, तर म्हणाला की जाऊ दे, तुझा भाऊ आहे. त्रेचाळीस वर्षं मी जाऊ दिलं.

जुन्या गाण्यांत माणसांचे हात असायचे, हे तू म्हणतोस ते मला पटतं. म्हणूनच तर राग येतो, कारण हात कुणाचे ते तुला ठाऊक होतं. त्या ढब् ढब् करणाऱ्या पोरीने टाळ्या वाजवणारणींची सुद्धा नावं लिहिली. आयत्या बिळावरचा नागोबा कोण, ते तूच ठरव.

पुढचा सामना १८ तारखेला हॅल्वरला आहे. कर्टिस गाणं परत लावणार आहे, ग्लेनिसच्या कागदासकट. तुझ्या त्या तारेचा उल्लेखही मी त्यात घातला आहे, कारण एमिलने तो घातला असता. तू ये, पुढच्या रांगेत बस. फक्त या वेळी यंत्र कानात घालून ये. प्रत्येक गोलला तू ते शब्द ऐकलेले मला बघायचे आहेत.
डोरीन


हॅल्वर
१३ मार्च २०१७

ती. डोरीनताईस,

सा. न. लिहायचा अधिकार राहिला आहे की नाही, ते तू ठरव.

भावोजींचं पत्र वाचलं. मला वाटलं होतं, त्या तारेचं ते विसरले असतील.

तुझ्यावर मी भयंकर चिडलो आहे आणि निदान ईस्टरपर्यंत चिडलेला राहणार आहे. पण १८ला येतो. यंत्र खणातून काढलंय, ते गप्प आहे. त्याला कुठल्या मापाची बॅटरी लागते, तेवढं कळव.
लॉर्न