आबाजींची रेघ

११ जुलै
माझ्या लेकीला, सईला, नववीत अंतर-काल आलेख आलाय. आडवा अक्ष वेळेचा, उभा घरापासूनच्या अंतराचा. मोजायला कुणीतरी चालणारं हवं. घरात नेमाने चालतात दोघंच, भिंतीवरचं घड्याळ आणि माझे बाबा. घड्याळ कुठे जात नाही. म्हणून बाबा, सईचे आबाजी.
रोज संध्याकाळी स्टॉपवर जातात, बाकावर बसतात, कोराडीची बस निघालेली बघतात, परत येतात. नोकरीभर कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिले. आई तिथेच गेली. बसमध्ये कधी चढत नाहीत. "काहून जाऊ? कोन आहे आता तिथं?"

१३ जुलै
सई आबाजींच्या मागे, हातात मोबाइलचं घड्याळ. जाताना रेघ चढली, बाकावर आडवी झाली. येतानाची कशी काढायची? मी, बी.ए., दर आठवड्याला पेपरातून सरकारला अक्कल शिकवणारा, म्हणालो, परत आले ना, मग रेघ मागे वळव. वळवली. समोसा झाला.

१५ जुलै
लाल फुली. मॅडमचा शेरा: माणूस परत येतो, वेळ येत नाही, रेघ पुढेच जात उतरेल.
असं वाक्य मला वर्षभरात सुचलेलं नाही. अक्कल माझी, फुली पोरीला.
बाबा रागावले. "चुकलं कसं वं? मी तं परत आलो होतो!"

३ ऑगस्ट
सईला नाद लागलाय. दर रविवारी आबाजींची एक रेघ, एकाच कागदावर, वेगळ्या रंगात. प्रत्येक रेघ आधीपेक्षा लोळलेली. तिनेच समजावलं, "पप्पा, उभा चढ म्हणजे फास्ट." मला वाटायचं चढ म्हणजे कष्ट. आमच्याकडे उलटं. रेघ जितकी सपाट, तितका जीव जास्त लागलेला.
डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. चालताहेत तोवर चालू द्या, एकदा बसले की...

१७ ऑगस्ट
पानठेल्यासमोर बाबा अडकले. "पाय चिपकले गा." मी काखेत हात घातला.
"सोड मले. लोकं पाहून राहिले."
सोडला. शेजारी उभा राहिलो, पान घ्यायला आल्यासारखा. पान मी खात नाही, ठेलेवाल्याला माहीत आहे. त्याने तरी लावून दिलं.
बस निघून गेली. पहिल्यांदाच, बाबांनी न बघता.
कागदावर चढाच्या मधेच एक आडवी पायरी.

३१ ऑगस्ट
आज बाबा घराच्या फाटकापर्यंत. बस्स. मी म्हणालो, "आज आबाजींनी चपला झिजू दिल्या नाहीत." सई उठून आत गेली. बाबा हसले. माझी लाज राखायला.

७ सप्टेंबर
बाबा आठवडाभर खाटेवरच. सई कागद घेऊन आली.
"आज काढू? अंतर शून्य आहे. रेघ अक्षावरच येईल, दिसणारच नाही."
"मग?"
"मग काही नाही. वेळ जातोय ना, म्हणजे रेघ आहे. फक्त दिसत नाही."
आम्हाला वाटलं बाबा झोपलेत.
"बस गेली का वं?"
"नाही, आबाजी. आहे अजून."
"मंग माह्या चपला आन."
आणल्या. पायाशी ठेवल्या. मी टेकू देऊन बसवलं. एक पाय खाली आला, चपलेवर टेकला. दुसरा अजून खाटेवर.
आता मी हात लावलेला नाही. सईने पेन्सिल शून्यावर धरून ठेवलीय.