प्रश्नावलीवरचं पहिलं नाव

२ मेहर
या वर्षी असोसिएट प्रोफेसर व्हायचंच. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, इस्फंदात, प्रमोशन कमिटी बसते. अट एकच: एक छापील पेपर आणि त्यावर पहिलं नाव आपलं. दुसऱ्या नावाला कमिटी हिंग लावूनही विचारत नाही.

विषय ठरला. नैराश्य ओळखायची एक इंग्रजी प्रश्नावली आहे, बारा प्रश्नांची. ती फारसीत आणायची आणि केरमानच्या लोकांवर चालते हे सिद्ध करायचं. भाषांतर मीच करणार. जाणकारांची समिती वगैरे, ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी.

९ मेहर
भाषांतर झालं. भारदस्त उतरलंय. नियम असा की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यायचं, म्हणून डिपार्टमेंटमधल्या नव्या लेक्चरर मेहरअंगीझ खानम यांना दिलं. म्हणाल्या, उस्ताद, हे वाचून माझ्या मावशीला वाटेल कुणीतरी गेलं. मोठ्यांशी कसं बोलावं हे या पिढीला शिकवलंच नाही कुणी. काही प्रश्न सोपे केले. तसे ते मी करणारच होतो.

१ आबान, दुपार
दवाखान्यातला पहिला दिवस. रांगेतल्या लोकांना वेगळ्या खोलीत बसवलं, चहा दिला, खजूर भरलेली कुलुंपे बिस्किटं दिली, मग एकेक प्रश्न मी स्वतः वाचला. सगळ्यांचं सगळ्याला एकच उत्तर: मुळीच नाही.

एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या आठवणीने डोक्यावरून घेतलेल्या चादरीचं टोक डोळ्यांना लावून बसल्या होत्या. विचारलं, मन उदास असतं का? मुळीच नाही डॉक्टरसाहेब, म्हणाल्या, तुमची सावली आमच्यावर राहो, तुम्ही कसे आहात, घरची मंडळी बरी आहेत ना? तीन वेळा माझीच चौकशी. खोटारडं गाव आहे.

१२ आबान
पुरेशी माणसं झाली. पण कॉम्प्युटर आकडाच देईना. सगळी उत्तरं सारखी असली की म्हणे गणित होत नाही. भिकार सॉफ्टवेअर. भाषांतर इतकं स्वच्छ आहे की कुणाचं दुमतच होत नाही, हे त्या डबड्याला कोण सांगणार?

मेहरअंगीझ खानमनी आगाऊपणा केलाच. उस्ताद, म्हणाल्या, तुम्ही त्यांना पाहुणे करून ठेवलंत. यजमानाचा चहा पिऊन त्याच्यासमोर कोण रडगाणं गाईल? आणि पहिल्यांदा विचारल्यावर कधी खरं बोलतं का कुणी? मघाशी तुम्ही मला चहा विचारलात, मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला. तसंच आहे हे. चहा बंद करू आणि तीनदा विचारू.

हसलो. हा तारोफ, हे नको-नको आणि आधी तुम्ही-आधी तुम्ही, यानेच हा देश बुडाला. मला मनापासून किळस आहे त्याची. मी सरळ बोलणारा माणूस.

१४ आबान
सकाळी दाढी करताना कल्पना सुचली: तीनदा विचारावं. मेहरअंगीझ खानमना सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभाव पडलेला दिसतो.

२९ आबान
तिसऱ्या खेपेला बांध फुटतो. आता लोक आवरता आवरत नाहीत.

आज नान भाजणारा नौरूझअली आला, आमच्याच गल्लीत त्याची भट्टी आहे. मन उदास? देवाची कृपा आहे, डॉक्टरसाहेब. पुन्हा विचारलं. चाललंय आपलं. पुन्हा विचारलं, तर टोपी काढून बसलाच खाली. म्हणाला, पोरगा जर्मनीला गेल्यापासून भट्टी पेटवावीशी वाटत नाही, लोक म्हणतात तुझा नान फर्स्टक्लास, मला त्याचा घास गिळवत नाही. मेहरअंगीझ खानमनी त्याला तिथल्या तिथे आतल्या डॉक्टरांकडे नेलं.

रोज याच माणसाकडून नान घेतो मी. कधी वाटलं नव्हतं. असो. एका माणसावर पाऊण तास जाऊ लागला तर पेपर कधी व्हायचा?

१० दे
पेपर तयार. लिहिला बहुतेक खानमनी, पण स्वल्पविराम मी पाहिले. दोघं डीनना दाखवायला गेलो. डीननी विचारलं, कुणाची मेहनत? आता अशा वेळी माणूस काय म्हणतो? म्हणालो, सगळी खानमचीच, पहिलं नाव त्यांचंच हवं.

त्या म्हणाल्या, छे उस्ताद, तुमच्यापुढे मी कोण. मी म्हणालो, शक्यच नाही. त्या म्हणाल्या, लाजवू नका हो. डीन बघत होते. मग मी छातीवर हात ठेवून म्हणालो, माझ्या मुलांची शपथ, तुमचं नाव पहिलं नसेल तर मी सही करणार नाही. छान जमलं होतं. आता त्यांनी एकदा ठाम नकार द्यायचा आणि मी नाइलाजाने मानायचं.

त्या म्हणाल्या, तुमचा शब्द मोडणं मला शोभणार नाही. डीननी टाळ्या वाजवल्या.

थट्टा करत असणार. उद्या स्वतःच येतील.

११ दे
आल्या नाहीत. घरी सूदाबेला सांगितलं. बायको म्हणून दोन धीराचे शब्द बोलेल असं वाटलं होतं. म्हणाली, कियूमर्स, शपथ तू घातलीस ना? मग आता बस चोळत हात. बायकांना संशोधनातलं कळत नाही.

१५ दे
निश्चय: आज सरळ सांगायचं. खानम, काय झालं ते तारोफ होतं, माझं नाव वर घाला. वाक्य पाठ केलं. त्या मिठाईचा डबा घेऊन आल्या. उस्ताद, म्हणाल्या, एवढं मोठं मन मी कुणाचं पाहिलं नाही, आईला फोनवर सांगितलं तर ती रडली. मी म्हणालो, त्यात काय एवढं. मिठाई दोनदा नको म्हटली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलीच नाही, डबा शेजारच्या टेबलावर गेला.

३ बहमन
जर्नलने पेपर घेतला. पहिलं नाव त्यांचं. काळजी नाही. कमिटीतली माणसं समजूतदार आहेत, मूळ डोकं कुणाचं ते त्यांना दिसेल. सगळ्यांना ओळखतो मी. गाढवं आहेत, पण समजूतदार.

१९ इस्फंद
कमिटी झाली. आत गेलो, तर तीनदा म्हणूनही आधी बसायला कुणी तयार नाही. शेवटी सगळे बसले. अध्यक्षांनी पेपर उलटसुलट केला. म्हणाले, उत्तम काम आहे, विशेषतः तीनदा विचारण्याची पद्धत. पण डॉक्टर, दुसरं नाव आम्हाला धरता येत नाही. नावांच्या क्रमाबद्दल तुमची काही तक्रार असेल तर आत्ता सांगा, नोंदवून घेतो, फेरविचार होईल. आहे का काही?

आहे, असं ओठांवर आलं होतं. बारा वर्षं त्याच खुर्चीत बसतोय, हेसुद्धा आलं होतं. छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, मुळीच नाही.

आणि ते दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या उमेदवाराला आत पाठवायला सांगितलं.