फाटकातून परत गेलेला चुडा

बाबूजी, तुमच्या पणतीचं लग्न झालं. मागच्या महिन्यात झालं, आणि या दुखऱ्या गुडघ्यांनी मी वरातीत नाचली. नवरा मुलगा पुण्याचा, आपल्या जातीचा नाही. तुमच्या बहिणीनं तर ऐकूनच अन्नपाणी सोडलं असतं. इथे कोणी एक शब्द बोललं नाही, उलट व्याह्यांनी मलाच पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. दोघं एकाच ऑफिसात कंप्युटरवर काम करतात. पोरगी माझ्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते, आणि तो नातजावई "आजी, तुम्ही आधी जेवा" म्हणतो तेव्हा असं वाटते, नवरी मीच आहे. चौथी शिकलेल्या बाईनं आणखी काय मागावं? देश बदलला, चांगला बदलला, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राहिली होती. लाडवाचा डबा पुढे करायची आणि सांगायची.

लिहायला बसली ती मात्र लाडवांसाठी नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे आणि हात तिकडे जात नाही, म्हणून इकडचं-तिकडचं लिहून राहिली.

माझ्या लग्नाचा दिवस आठवते तुम्हाला? रांझीच्या फॅक्टरी-क्वार्टरच्या दोन खोल्या, शेजारच्या बंगाली काकूंकडून आणलेली पातेली, समोरच्या सरदारजींच्या खाटा, मागच्या मद्राशी मावशी आमच्या स्वयंपाकघरात भाताचं पाणी बघताहेत. मावशी केरळच्या होत्या हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा आम्ही दक्षिणेकडच्या सगळ्यांनाच मद्राशी म्हणायचो. आणि चाची येतात, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तुमच्याच मशीनवर काम करणारे चाचा, त्यांची बायको. लढाईच्या वर्षी तुम्ही दोघं बारा-बारा तास उभे राहायचे, एका डब्यातून जेवायचे, आणि आई म्हणायची, यांना घरची भाजी कमी आणि चाचीचा कबाब जास्त गोड लागतो.

चाचीनं माझा हात साबणानं मऊ केला, बोटं दाबून दाबून हिरवा चुडा भरला. एका हातात एक बांगडी जास्त. एक तडकली तर मी "फुटली" म्हणायला गेली, तर तिनंच माझ्या तोंडावर हात ठेवला. "ना बिटिया, तुम्हारे यहाँ फूटी नहीं बोलते. बढ़ी बोलो." आपल्या घरची रीत तिला माझ्यापेक्षा पक्की ठाऊक होती. मग आई म्हणाली, चुडा भरणारीच्या पाया पड. तर आत्या नागपूरवरून आलेली, ती म्हणाली, "तिच्या? अहो, कपाळाला कुंकू नाही तिच्या." मला हसू आलं. सगळ्यांना आलं. तुम्ही परातीत पीठ घेऊन उभे होते. ती परात तुम्ही खाली ठेवली आणि आत्याला काही बोललेच नाही, मला बोलले. "तू हसली काहून? जिनं तुझं सौभाग्य हातात भरलं तिच्यावर हसून सासरी जाणार काय?" मी पाया पडली. चाची रडली, मी रडली, आत्याही मग कशासाठी तरी रडली. लग्नात कोणी ना कोणी रडतेच.

तुमच्या माघारी ही रीत मी मोडली नाही. सुनेचा चुडा चाचीच्या मुलीनं भरला, माझ्या लेकीचाही तिनंच. आता कमानिया गेटजवळ तिचं छोटं दुकान आहे. मला दीदी म्हणते. या लग्नाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं, आणि लग्नाच्या दोन दिवस आधी ती ऑटोनं आली.

आम्ही आता कॉलनीत राहतो, बाबूजी. फाटक आहे, गार्ड आहे. गार्डचा फोन आला, "अम्मा, चूड़ी वाली आई हैं, भेज दूँ?" मी म्हणाली, थांब, मी येते. घरात ढोलक वाजून राहिली होती, फाटकापर्यंत आवाज.

"मुबारक हो दीदी. बिटिया कहाँ है?"

मी फाटकाच्या आत, ती बाहेर. मी म्हणाली, "चूड़ियाँ तो पूना से आ गईं, लड़के वालों की तरफ से."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "अच्छा. कोई बात नहीं. नाप मुझे याद था, सवा दो. अम्मा होतीं तो डाँटतीं कि पहले पूछ के क्यों नहीं गई." पिशवीतून एक डझन काढून म्हणाली, "शगुन के रख लो." मी म्हणाली, रहने दे. ऑटोवाला अजून तिथेच होता. ती त्याच ऑटोत बसून गेली.

पुण्याहून बांगड्या आल्या नव्हत्या. पार्लरवालीकडून पाकिटातल्या आणल्या, तिनं मोबाइल कानाला लावून भरल्या. पाया पडायला कोणी उरलंच नाही. नातीनं विचारलं, "आजी, चूड़ी वाली दादी नहीं आईं? मम्मी के टाइम तो आई थीं." मी म्हणाली, कॉलनीवाले बोलले असते बेटा, आजकाल जमाना असा आहे. ती म्हणाली, "कौन बोला?" मी कॉलनीच्या सेक्रेटरीचं नाव घेतलं. तेव्हापासून ती त्या माणसाला नमस्ते करत नाही.

तुमच्या वेळी देश म्हणजे सकाळचा भोंगा होता. भोंगा वाजला की ज्याची सायकल असेल त्याची, सगळ्या एकाच रस्त्यानं जायच्या. आता सकाळी भोंग्याच्या जागी फोन वाजते, आपलं कोण, परकं कोण, कुणाकडून सामान घ्यायचं नाही, ते सांगते. मी वाचते आणि पुढे पाठवते. बोटच जाते. जातीचं कुंपण पडलं म्हणून मी नाचली, आणि दुसरं केव्हा घातलं ते कळलंही नाही.

हे पत्र ग्वारीघाटला नर्मदेत सोडीन म्हणत होती. नाही सोडत. गादीखाली राहू दे. तिच्या दुकानात जायला पाय निघत नाही, कारण तिनं विचारलं की दीदी, कोणी मना केलं, तर काय सांगू? सेक्रेटरी काही बोलला नव्हता, बाबूजी. सूनही नाही, व्याहीही नाही. कोणी विचारलंच नव्हतं.