लाल एप्रन

दि. १७ जून

बारक्या,

आशीर्वाद. मी ठीक आहे. पाय दुखतात, पण ते नोकरीला लागल्यापासून दुखतात. तुझ्या घरी सगळे बरे असतील. मोठ्या बहिणीने विचारायचं असतं म्हणून विचारलं, उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझं पत्र आणि समारंभाची पत्रिका मिळाली. बायकांच्या वॉर्डाची हेड सिस्टर म्हणून मी व्यासपीठावर यावं, वॉर्डाला मिळालेली बक्षिसाची ढाल घ्यावी, दोन शब्द बोलावेत, असं तू लिहितोस. ते दोन शब्दही तूच लिहून पाठवलेस, मला कशाला त्रास! 'दुसऱ्या देशाच्या रुग्णालयाकडून आम्ही काय शिकलो.' टाळ्यांच्या जागा बरोबर हेरल्या आहेस. आणि शेवटी आई. 'याच शांत वॉर्डात आमच्या आईने शांतपणे डोळे मिटले.' हे वाचून मी कागद पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले. भांड्यांचा काही दोष नव्हता.

आधी तुझं श्रेय तुझ्या पदरात टाकते, नाहीतर म्हणशील ताई जळते. पूर्वी औषधं वाटताना आमच्या चुका व्हायच्या. सिस्टर गोळी काढतेय तोवर मागून कोणी चादर मागायचं, कोणी डॉक्टर कधी येणार म्हणून विचारायचं, आणि या खाटेची गोळी त्या खाटेला जायची. तू तिकडे राहून शिकून आलास, खात्यात साहेब झालास आणि लाल एप्रन आणलास. छातीवर मोठ्या अक्षरांत, 'औषधे देत आहे. माझ्याशी बोलू नका.' सफाईवाल्या मावशी आम्हाला सिग्नल म्हणायला लागल्या. हसलो, पण घातला. चुका खरंच कमी झाल्या. ते मी नाकारणार नाही. सोयीपुरतं खरं बोलणं मला जमत नाही, ते खातं तुझ्याकडे.

मागच्या महिन्यात तिकडची ती नर्स पाहुणी म्हणून आली होती, आठवतं? तू तिला वॉर्ड दाखवत होतास, छाती फुगवून. तिने सगळं पाहिलं, मान डोलावली आणि एकच विचारलं, "मग यांच्या हाकेला कोण जातं?" तू तिला चहाला घेऊन गेलास.

जाताना जिन्यात ती मला भेटली. तिकडे एप्रनवाली एकटी कधीच नसते म्हणाली. तिच्याबरोबर दुसरी, बिनएप्रनची, वॉर्डभर फिरत असते. तिला दुसरं कामच नाही, फक्त हाकेला जायचं. शिवाय प्रत्येक खाटेला बेल. आमच्याकडे बेल म्हणजे पेशंटचं तोंड, आणि तू तेच बंद केलंस.

मी फोनवर तुला विचारलं, तर तू म्हणालास, "ताई, दुसऱ्या बाईला मंजुरी कोण देणार? जे शिवून मिळत होतं ते आधी आणलं." म्हणजे घोडं तिथेच पेंड खात होतं आणि तुला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दोघींचं काम पाहून आलास आणि एकीचे कपडे घेऊन आलास.

तरीही मी हे गिळलं असतं. साहेबलोक असंच करतात, आम्ही असंच निभावतो.

पण मागच्या आठवड्यात आईच्या शेजारच्या खाटेवरची ती शिवणकामवाली तपासणीला आली होती. मला बघून रडायला लागली. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

आई गेली त्या सकाळी मी रजेवर होते. फोन आला, धावत आले, तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच गेल्या, असं आपल्याला सांगितलं आणि आपण त्यावर समाधान मानलं. बारक्या, आई झोपेत नाही गेली. ती जागी होती. छातीवर हात दाबून बसली होती, घामाने भिजली होती. सिस्टर पलीकडच्या रांगेत पाठमोरी गोळ्या देत होती, दुसरं कोणी नव्हतं. शिवणकामवालीने हाक मारायला तोंड उघडलं, तर आईने तिचं मनगट धरलं. म्हणाली, "थांबा, त्यांचं होऊ दे. माझ्या मुलाचा नियम आहे. मीच मोडला तर लोक त्याला हसतील."

ती थांबली. सिस्टर नियमाने रांग संपवून वळली.

आई वाचली असती का, मला माहीत नाही, आणि डॉक्टर असलास तरी तुलाही सांगता येणार नाही. पण तिने हाक मारली असती. आयुष्यभर शेजारपाजार गोळा होईल अशा आवाजात आपल्याला हाका मारणारी बाई ती. तुझं हसं होऊ नये म्हणून गप्प बसली. त्या गप्प बसण्याला तू शांत म्हणतोस, त्याच्यावर भाषण करतोस. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते, पोटच्या पोराला खाताना पहिल्यांदा पाहिलं.

मला तुझा राग आलाय, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. त्या सिस्टरला मात्र एक शब्द बोललास तर याद राख. तिने तुझं ऐकलं, एवढंच.

पत्रिकेत लिहिलंय, पुढच्या महिन्यापासून एप्रन सगळ्या रुग्णालयांत. किती वॉर्डांत कोणाकोणाच्या आया, ते तूच मोज. त्यांच्यातल्या कोणाचा मुलगा साहेब नसेल, पण पाटी वाचून गप्प बसायला साहेबाची आई असावं लागत नाही.

मी समारंभाला येणार आहे. व्यासपीठावर नाही, पहिल्या रांगेत बसेन, एप्रन घालून. माइकवर उभा राहून सांग की हे एकीचं काम नाही, दुसरी मिळाल्याशिवाय एकाही वॉर्डात एप्रन जाणार नाही, आणि आपण तिकडून अर्धंच शिकून आलो. तेवढं म्हणालास तर तिथेच एप्रन उतरवेन, ढालही घेईन.

तेवढं नाही म्हणालास तर तो अंगावरच राहील, घरीसुद्धा. त्यावर काय लिहिलंय ते तुला पाठ आहे.

अजून तरी तुझी,
ताई