वकारसाठी एक पत्र

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

वकारले उचललं!

सकाळी आठला बार्शीटाकळीहून तहरीमचा फोन. माझी सख्खी धाकटी बहीण, पण आवाज ओळखूच येईना. "आपा, फजरच्या नमाजाच्या वक्ताले पोलीस आले अन् पोराले घेऊन गेले." गुन्हा काय तर मोबाईलवर त्यांच्या क्रिकेटवाल्या पोरांचा ग्रुप आहे, त्यात कोणीतरी भडकाऊ काहीबाही टाकलं. वकारनं टाकलं नाही. वाचलंही नाही. पण ग्रुप त्यानं बनवला, म्हणून अ‍ॅडमिन तो, अन् म्हणून आरोपीही तोच! बावीस वर्षांचं लेकरू, मोटर वाइंडिंगचं काम करते अन् घरी येऊन झोपते. त्यात दमा. दम्याचा पंप घरीच राहिला म्हणे, उशीखाली.

१२ जानेवारी, रविवार

आज मंडळ होतं. दर पंधरा दिवसांनी रविवारी चार वाजता सुभद्राताईंच्या माडीवर आम्ही आठ-नऊ जण जमतो अन् जगभरच्या कैद्यांसाठी पत्रं लिहितो. ज्यांनी कोणाले मारलं नाही, फक्त तोंड उघडलं म्हणून आत आहेत, अशांसाठी. अकरा वर्षं झाली मले. मंडळ किशोर सरांचं. कॉलेजातून रिटायर झाले, तरी सवय प्राध्यापकाचीच, अन् नियमही त्यांचेच. पत्र स्वतःच्या हातानं लिहायचं. शिवी नाही, टोमणा नाही. सरकार कितीही नालायक असो, त्याले 'महोदय'च म्हणायचं. अन् आपल्या देशातल्या कैद्यासाठी आपण लिहायचं नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या देशातले लोक लिहितात.

कच्चा चिवडा समोर आला, मी प्लेट बाजूले सारली. म्हटलं, "सर, माझ्या भाच्यासाठी एक पत्र. एकच! त्याले औषध द्या, वकील भेटू द्या, बस्स एवढंच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नसीमबानो, आपला नियम आहे."

"माहीत आहे सर. नव्या माणसाले मीच तर शिकवते."

"मग झालं तर."

झालं तर!! सुभद्राताई पाकिटं मोजत बसल्या, जशी काही पाकिटं पळून जाणार होती. मग सगळ्यांनी माना खाली घालून कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या एका छापखानेवाल्यासाठी पत्रं लिहिली. मीही लिहिलं. लाज वाटते सांगाले. हात आपला आपोआप चालला.

१३ जानेवारी

वर्गात एका पोरीवर विनाकारण खेकसली. राग दुसऱ्याचा, निघाला तिच्यावर.

१७ जानेवारी, शुक्रवार

अकोल्याच्या कोर्टात पाहिलं त्याले. व्हरांड्यात दोन मिनिटं. ओठ निळे पडलेले, एकेक शब्दाले थांबत होता. तरी पहिला प्रश्न काय — "खाला, तुमच्या मंडळानं काही केलं काय?" लहान असताना सुट्टीत यायचा तेव्हा माझ्या पाकिटांवर तिकिटं चिकटवायचा तो. त्याले वाटते, खाला पत्र लिहिते अन् जेलचे दरवाजे उघडतात!

म्हटलं, "करून राहिले बेटा."

धडधडीत खोटं बोलली.

परतीच्या बसमध्ये शेजारी ताहेर, माझा नवरा. मूर्तिजापूर गेल्यावर एकदमच म्हणाले, "तू इतकी सालं परदेशच्या राजाले लिहून राहिली. इथल्या ठाणेदाराले लिवाले तुझ्या सरचा हात काहून थरथरते?" नवऱ्याले उत्तर द्यायची माझी रोजची सवय. आज खिडकीची काच ओढून घेतली.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतलं झेंडावंदन झालं अन् दुपारी मंडळात. गेली नसती तर बरं होतं.

दोन नव्या पोरी आल्या होत्या. सर त्यांना समजावून सांगत होते, "जगात कुठेही माणसावर अन्याय झाला की तो आपल्यावर झाला असं समजायचं." माझं डोकंच फिरलं. उभी राहिली. "कुठेही म्हणजे बार्शीटाकळी सोडून काय सर?"

सर हळूच म्हणाले, "धीर धर. काही गोष्टी सगळ्यांसमोर बोलायच्या नसतात."

"तुम्ही भेता सर! त्या बेटावरचं सरकार तुमच्या दारात येत नाही, म्हणून तुमची सगळी मर्दुमकी तिकडे!"

"बस्स कर वं माय," सुभद्राताई म्हणाल्या. अकरा वर्षं त्यांच्या हातचा चहा प्याली मी, अन् ही बाई मलेच 'बस्स कर' म्हणते! चपला घातल्या अन् निघाली. जिन्यात कोणी मागे आलं नाही. मंडळाचा सारा इंग्रजी पत्रव्यवहार या हातांनी सांभाळला. ताप असला तरी, निकालाचं काम असलं तरी. गरज सरो, वैद्य मरो!

इतकं तर पोलिसांनीही दुखवलं नाही मले. पोलीस माझे नव्हतेच. हे माझे होते.

२८ जानेवारी, मंगळवार

केलं!

नॉर्वेतल्या एका लहानशा गावात आमच्यासारखंच मंडळ आहे. इंग्रिडबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई चालवतात, त्यांच्याशी माझा नेहमीचा पत्रव्यवहार. आपल्याकडचा कैदी त्यांच्याकडे सोपवायची रीत आहे. आधी घरच्यांची संमती, मग वकिलाचा होकार, मग सरांची सही. वकिलाले विचारल्याबिगर कैद्याचं नाव देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मीच फळ्यावर लिहून लिहून शिकवलं आहे. गेलं उडत! तहरीमले वकील मिळाला की नाही तेच अजून कळत नाही, अन् सरांच्या दारात तर मी मेली तरी जाणार नाही.

वकारचं नाव, फोटो, जेलचा पत्ता, सगळं ईमेलनं पाठवलं. शेवटी लिहिलं, माझ्या लोकांनी मले धोका दिला, तुम्ही देऊ नका.

४ फेब्रुवारी

इंग्रिडबाईंचं उत्तर आलं. पूर्ण गाव लिहिणार म्हणे, शाळेतली लेकरंसुद्धा! स्टाफरूममध्येच रडू फुटलं. सात समुद्रापलीकडच्या बाईले माझं दुखणं समजते अन् दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाले समजत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळात गेली नाही. सरांचे तीन फोन. वाजू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तहरीमचा फोन — आज पहिल्यांदा तिचा आवाज तिच्यासारखा वाटला. वकील मिळाला आहे, महिना झाला! खुशालराव वकील, अकोल्यातले जुने. मले सांगितलं नाही म्हणून आधी तिले चार शब्द सुनावले. ती म्हणे, "आपा, बोलू नका असं वकीलसाहेबांनीच बजावलं होतं. एक बुजुर्ग आहेत, तेच त्यांना घेऊन आले. दर गुरुवारी बसनं येतात. डॉक्टरचा कागद त्यांनी काढला, वकारले पंप त्यांनीच मिळवून दिला. नाव विचारलं तर म्हणतात, काम झाल्यावर सांगतो."

जमातीतले कोणी असतील. अल्ला त्यांना हजार वर्षं देवो. अशी असतात माणसं! नाही तर आमचे सर.

केस पोकळ आहे म्हणे, पंचवीस तारखेले जामीन पक्का. खुशालरावांचं एकच म्हणणं — तोवर चुपचाप राहा, कुठे गवगवा नको. पण पत्र म्हणजे काय गवगवा आहे? 'महोदय' म्हणून तर लिहितात लोक!

तरी इंग्रिडबाईंना विचारलं, पत्रं निघाली काय? निघाली. सहा तारखेलाच.

२४ फेब्रुवारी

उद्या. रमजान पाच-सहा दिवसांवर. पहिला रोजा पोरगं आईच्या हातचं खाऊन ठेवणार. ताहेर दुकान बंद ठेवून येतो म्हणतात. मी सकाळपासून तीनदा हातपाय धुऊन वुजू केलं, मन काही जागेवर नाही.

सरांना एकदा सांगायचं आहे, तोंडावर — तुमच्याबिगर सुटला तो!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जामीन नाही.

सरकारी वकिलानं टेबलावर गठ्ठा ठेवला. जेलवर आलेली पाकिटं, शंभराच्या वर. लेकरांनी रंगवलेली फुलं माझ्या जागेवरूनही दिसत होती. म्हणे, बार्शीटाकळीच्या मोटर दुरुस्त करणाऱ्याले परदेशातून एवढी पत्रं काहून येतात? संबंध तपासावे लागतील. खुशालराव वकील मागे वळले, शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तहरीम माझ्या कानात म्हणाली, "आपा, तेच ते बुजुर्ग."

किशोर सर.

बाहेर व्हरांड्यात तपास अधिकारी सगळ्यांना विचारत होता, याचं नाव तिकडे कोणी कळवलं? सर पुढे झाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी," म्हणाले.

मी चार हातांच्या अंतरावर उभी होती. तोंड उघडलं नाही.