ओवीतून धाडलेल्या पालक-सूचनेबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
मुलींची शाळा, खालची आळी,
वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर.

विषय : पालकांना सूचना लिहिण्याचे काम अर्जदाराकडे परत मिळण्याबाबत.
संदर्भ : गेल्या महिन्यातील पालकसभेची तोंडी सूचना (जावक क्रमांक नाही).

महोदय,

१. अर्जदार बाई अकरा वर्षे इयत्ता तिसरीस शिकवीत असून, शाळेतून घरोघरी जाणारी प्रत्येक सूचना त्यांच्याच हातची असे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपासून तारखेपर्यंत कधी खाडाखोड झाली नाही. सभेला चार पालक येत, कधी पाच. पण शिस्तीत बसत.

२. यंदा जूनमध्ये अक्कलकोटकडून बदलून आलेल्या सौ. नीलम्मा बिराजदार यांनी कागद न लिहिता पोरींकडून ओवी पाठ करून घेतली व तीच घरी धाडली :

गुरुवारी दुपारला, सये, शाळेत येऊन जा
लेकीच्या पाटीवरनं, हात फिरवून जा

सभेला एकसष्ट बायका आल्या. अर्जदार मोजीत नव्हत्या. नजर गेली इतकेच.

३. ओवीत तारीख नाही. त्यामुळे बायका आता दर गुरुवारी येतात. खुरपी व्हरांड्यात ठेवून पाट्यांवरून हात फिरवतात आणि पोरींची गणिते पुसली जातात. हटकले तर म्हणतात, "बाईनंच सांगितलंय की!" या बाई म्हणजे अर्जदार नव्हेत. अर्जदारांना त्या 'कागदवाल्या बाई' म्हणतात.

४. बिराजदारबाईंचा आवाज गोड आहे, हे अर्जदार नाकारीत नाहीत. मात्र गोड आवाजाची नोंद सेवापुस्तकात होत नाही, हे निदर्शनास आणावेसे वाटते.

५. घरचे लिहू नये, पण लिहिणे भाग आहे. अर्जदारांच्या सासू बजाबाई, ज्यांना घरात आत्याबाई म्हणतात, सुनेच्या शाळेचा उंबरा अकरा वर्षांत शिवल्या नाहीत. नात याच शाळेत. तिच्या हातून आलेली प्रत्येक सूचना त्यांनी घडी घालून फडताळात ठेवली. त्या गुरुवारी मात्र ठेवणीतले इरकली लुगडे नेसून आल्या आणि बिराजदारबाईंना खेटून बसल्या. घरी विचारले तर म्हणाल्या, "आगं, तुजा कागुद मला कुटं वाचता येतुया? तिचं बोलावणं जात्यावर म्हनता आलं. लई ग्वाड हाय ती!" तेव्हापासून रोज सकाळी घरच्या जात्यावर तीच ओवी. अर्जदार चूल फुंकीत ऐकतात.

६. सबब, शाळेच्या कामी ओवी म्हणण्यास बंदी व्हावी. बंदी शक्य नसल्यास पुढील सभेला अर्जदारांची ओवी जावी. आठ दिवस खपून ती जुळवली आहे. आधी चौथीतल्या एकाच मुलीच्या तोंडी द्यावी. ती अर्जदारांच्याच घरी राहते. बिराजदारबाईंकडे दुरुस्तीस देऊ नये.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सौ. मथुराबाई रामहरी गवसाने
सहशिक्षिका
वैराग, दि. १९ सप्टेंबर १९७४

सोबत : ओवी, एक.

शनिवारी सकाळला, आत्याबाई, येऊन जा
सुनेच्या वर्गामधी, घडीभर बसून जा