तीन दिवसांचं पाणी

२४ मार्च

बसले बाहेर, पडवीत. आता तीन दिवस वेलांकडे जायचं नाही. पाळीतल्या बाईची सावली पडली की वेल करपतो, हे आमच्या सासूबाईंचं शास्त्र. ऊन बेचाळीस — त्यानं मात्र करपत नाही!

इथून मांडव दिसतो. दोडके, कारली, खाली भेदऱ्यांचा, म्हणजे टोमॅटोंचा, वाफा. सगळं मीच लावलेलं. नवरा उमेंद्र पहाटेच बिरसीला विमानतळावर ड्यूटीला जातो, सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत. त्यांनी दारातूनच दोन तांबे पाणी भिरकावलं आणि झालं म्हणाल्या.

२७ मार्च

न्हाले आणि थेट वाडीत. भेदऱ्यांची तीन झाडं गेली. एका दोडक्यानं मान टाकलेली. बुडाशी धानाचं तणीस, वाळका पेंढा अंथरला, पाणी घातलं आणि तिथेच बसून रडले. लग्नाला सहा वर्षं झाली, या घरात माझं म्हणावं असं एवढंच आहे. ही वहीसुद्धा मांडवाखाली लिहिते. घरात कुठे लिहू?

२० एप्रिल

पाळी आली. सांगितलं नाही. बादली उचलली आणि वेलांकडे गेले.

२४ एप्रिल

एकही वेल मेला नाही. उलट कारल्याला फुलं धरली! डोक्यावर शिकाऊ पोरांची विमानं घिरट्या घालत होती. एवढं उडून पुन्हा बिरसीलाच उतरायचं. मला हसू आलं.

२९ एप्रिल

घात झाला. या महिन्यात मी बाहेर बसले नाही, हे सासूबाईंनी मोजलं. त्यांना वाटलं, दिवस राहिले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

बादली हातातून काढून घेतली. "ठेव ते. अशा टायमाले वजन उचलाचं नाही." वाडीच्या दाराला कडी. शेजारच्या मंजूकाकूंना सांगूनही आल्या. संध्याकाळी उमेंद्र पेढे घेऊन आला. त्याच्याकडे बघवेना.

३ मे

ऊन पंचेचाळीस. कारल्याची पानं खिडकीतून दिसतात, दुपारी पार सुकून लोंबतात. वेलांना पाणी मिळावं म्हणून खोटं वागले, आता नऊ महिने पाणीच बंद! वर पलंगावर बसून डाळिंब खायचं. सगळे इतके लाडानं वागतात की जीव गुदमरतो. उद्या सांगतेच.

४ मे

सांगितलं. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. वेलांना शिवले म्हणून घर डोक्यावर घेतील असं वाटलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वेलाचं जाऊ दे," म्हणाल्या. "मले वाटलं, देवानं आयकलं."

मग सूप पुन्हा उचललं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उमेंद्र न जेवता झोपला.

बादली परत मिळाली.

९ मे

सासूबाई वाडीतली भाजी खात नाहीत. कॅलेंडरवर सतरा तारखेला, माझ्या पुढच्या पाळीच्या दिवसावर, कुंकवाची टिकली लावलीय. म्हणाल्या, आता तू सांगू नको, मीच पाहीन.

वेल मात्र सावरले. पहिलं कारलं बोटभर झालं.

२५ मे

नवतपा लागला, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. सकाळी नऊलाच अंगण पोळतं. टिकलीला आठ दिवस होऊन गेले. काही नाही. सासूबाई रोज कॅलेंडर बघतात, मग माझ्याकडे. विचारत नाहीत. पुन्हा आशा करायला घाबरतात.

२७ मे

गावातल्या आशा-सेविका अंजूताईकडून गुपचूप तपासणीची पट्टी आणली. दोन रेघा.

हवं होतं. सहा वर्षं हवं होतं. आणि पहिला विचार काय आला — बादली! स्वतःचीच लाज वाटली. तरी तोच विचार दिवसभर.

२८ मे

पहाटे वेलांना दुप्पट पाणी घातलं. मग सासूबाईंना सांगितलं, आजपासून बाहेर बसते. त्यांनी बोट ओलं केलं आणि टिकली पुसली.

तीन दिवस काढतील वेल. नऊ महिने नसते काढले.